घट कसा बसवावा : मातीपासून दसऱ्यापर्यंत

भाद्रपद सरत आला की बाजारात घटाचं साहित्य एका पिशवीत बांधून मिळायला लागतं. मूठभर काळी माती, धान्याची पुडी, परडी किंवा पत्रावळ, मातीचं सुगड, नाडा, हळकुंडं, सुपाऱ्या. या पिशवीत देवीची मूर्ती नसते आणि घेणाऱ्याला तिची उणीव भासतही नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत नवरात्रात देवी मातीत बसते. मूर्ती किंवा टाक (धातूच्या पत्र्यावरच्या देवाच्या प्रतिमा) असले तर ते शेजारी विड्याच्या पानांवर असतात, पण नऊ दिवस घरातल्यांची नजर असते ती परडीतल्या कोंबांवर.

याला ग्रंथाचाही आधार आहे. मार्कंडेय पुराणातल्या सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी देवांना वचन देते की पाऊस पडेनासा झाला तर पुन्हा पडेपर्यंत मी माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगाचं पोषण करीन, आणि तेव्हा मला शाकंभरी म्हणतील. म्हणजे उगवणारी पात हा देवीचा देह आहे. परडीतलं शेत हीच मूर्ती, असं एकदा मनात बसलं की कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सोय पाहायची हे आपोआप कळतं. माती, बी, पाणी आणि दिवा या चार गोष्टींत हयगय नको. बाकी बरंचसं घरच्या रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे.

आधी घरचा कुलाचार विचारा

इंटरनेटवरची यादी काढण्याआधी सासूबाईंना, आत्याला, गावाकडच्या चुलत्यांना फोन करा. काही घरांत घट आणि अखंड दिवा दोन्ही असतात, काहींत फक्त दिवा आणि माळ, काहींत नुसते देव बसतात. काहींकडे घट नवमीला उठतो, काहींकडे दसऱ्याला. उपवास काही घरांत नऊ दिवस, काहींत उठता-बसता, म्हणजे घट बसतो त्या दिवशी आणि उठण्याच्या आदल्या दिवशी. काहींकडे कडाकण्यांचा, म्हणजे कडक तळलेल्या गोड पुऱ्यांचा, फुलोरा लागतोच, काहींनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. यातलं कुठलंच चूक नाही. कुलदेवी तुळजापूरची की माहूरची, कोल्हापूरची की वणीची, यावरही नैवेद्य बदलतो. माहूरला रेणुकेला विडा कुटून केलेल्या तांबुलाचं मोठं महत्त्व आहे, त्यामुळे तिच्या काही घरांत तांबुलाशिवाय नैवेद्य पुरा होत नाही.

कुलाचार ठाऊकच नसेल, सांगणारं कुणी उरलं नसेल, तर खाली दिलेली साधी पद्धत धरा. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी सगळं अंगावर घेऊ नये. घट, रोजची माळ, सकाळ-संध्याकाळ दिवा आणि आरती एवढं नीट झालं तरी भरून पावलं.

दिवस आणि वेळ

घट आश्विन शुद्ध प्रतिपदेला बसतो. सूर्योदयानंतर दिवसाच्या पहिल्या प्रहरात बसवणं सर्वांत चांगलं, ते जमलं नाही तर मध्यान्हीच्या अभिजित मुहूर्तावर. अमावास्येचा भाग उरलेला असताना बसवत नाहीत. बाकी सूक्ष्म मुहूर्तांच्या मागे लागून ऑफिसला जाणाऱ्यांनी जिवाला त्रास करून घेऊ नये.

माळा दरवर्षी नऊच भरतात असं नाही. तिथी वाढली की एक माळ वाढते, क्षय झाला की कमी होते. २०२५ साली २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा आला २ ऑक्टोबरला. तिथी वाढल्यामुळे मध्ये दहा दिवस मिळाले. म्हणून फुलवाल्याला सांगण्याआधी पंचांग उघडून दिवस मोजा.

सुतक किंवा सोयर असेल तर घट राहिला असं समजू नका. ते फिटल्यावर तृतीयेपासून सात, पंचमीपासून पाच, सप्तमीपासून तीन किंवा शेवटी अष्टमीचा एक दिवस, असं नवरात्र करण्याची सोय शास्त्रानेच ठेवली आहे. घट बसल्यावर सुतक आलं तर पूजा दुसऱ्या कुणाकडून करवून घ्यावी, घट मधेच उचलू नये.

माती आणि बी

इथे दोन दिवस आधी लागावं लागतं.

माती शेतातली काळी असेल तर उत्तम. शहरात ती पिशवीतूनच येते, त्याला इलाज नाही, पण आणल्या आणल्या ताटात पसरून पाहा. ढेकळं फोडा, खडे आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेचा, चाळणीतून काढा. निव्वळ काळी माती पाण्याने चिकट होते आणि वरून साय धरल्यासारखा थर बसतो. त्यात चौथा हिस्सा बारीक वाळू किंवा चाळलेलं शेणखत मिसळलं की मोकळी राहते. कुंडीतली माती घ्यायला हरकत नाही, फक्त तिच्यावर नुकतंच औषध मारलेलं नसावं.

परडी किंवा टोपली सर्वांत चांगली, कारण जास्तीचं पाणी खालून निघून जातं. स्टीलच्या ताटलीत पाणी तुंबतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास येतो. परडीत पत्रावळ किंवा केळीचं पान घाला, खाली एक थाळी ठेवा म्हणजे पाटावर डाग पडणार नाहीत. मातीचा थर दोन-तीन बोटं पुरे.

आता बी. सप्तधान्य म्हणजे कुठली सात, यावर घरोघरी वेगळं उत्तर मिळतं. गहू, जव, साळ, तीळ, मूग, हरभरा, ज्वारी, राळा, उडीद यांतली सात कुठलीही. नऊ दिवसांत खात्रीने आणि सारखे वाढतात ते गहू आणि जव, म्हणून त्यांचं प्रमाण जास्त ठेवावं. डाळवर्गीय धान्यं लवकर कोंब काढतात, पण पाणी जास्त झालं की तीच आधी कुजतात. ती चिमूटभरच घाला.

पुडीतलं धान्य उगवत नाही ही दरवर्षीची तक्रार असते आणि तिचं कारण बहुधा पुडीतच असतं. तांदूळ उगवत नाही, साळ उगवते. सडलेला, म्हणजे कांडून टरफल काढलेला, जव उगवत नाही, टरफलासकट हवा. मुगाची डाळ उगवणार नाही, अख्खे मूग हवेत. किडलेला, भुंगे लागलेला गहूही उगवत नाही. दुकानातून पेरणीचं बियाणं आणलंत आणि ते गुलाबी किंवा निळं दिसलं, तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते घटाला मुळीच वापरू नका, कारण दसऱ्याला हेच तुरे लेकरांच्या हातात आणि कानावर जाणार आहेत. सरळ घरातला खायचा गहू घ्या. शंका असेल तर आठवडाभर आधी दहा-वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन-तीन दिवसांत निम्म्याहून जास्त दाण्यांना मोड आले नाहीत, तर दुसरा गहू पाहा. शेतकरी घरांत घटाच्या उगवणीवरून पुढच्या रब्बीच्या बियाण्याचा अंदाज घेतात, तोही असाच.

धान्य आदल्या रात्री भिजत घालावं, आठ-दहा तासांहून जास्त नको. सकाळी उपसून निथळत ठेवावं. पेरताना निम्मी माती पसरायची, मधोमध घटासाठी जागा सोडायची, भोवती धान्य एकाच थरात पसरायचं आणि वर बोटाच्या पेराएवढी माती भुरभुरायची. दाण्यांचा ढीग झाला तर खालचे गुदमरतात.

घट

सुगड कच्च्या भाजणीचं, चकाकी नसलेलं, रंग न दिलेलं घ्यावं. असं भांडं पाझरतं. भरलेला घट मातीत टेकवला की त्याच्या अंगातून ओल हळूहळू बाहेर येते आणि भोवतालच्या दाण्यांना नऊ दिवस पाणी पुरवते. देवीच्या पोटातलं पाणी मातीला मिळतं आणि त्यावर धान्य उगवतं, हा या पूजेचा सगळा अर्थ आणि तिची सगळी करामतही. हल्ली पुष्कळ घरांत तांब्याचा किंवा चांदीचा कलश बसवतात. दिसतो सुरेख, पण तो पाझरत नाही. धातूचा कलश असेल तर पाणी आपल्याला रोज शिंपडावं लागेल.

नवं सुगड आदल्या दिवशी पाण्याने भरून थाळीत ठेवून पाहा. रात्रभरात थोडी ओल आली तर योग्य. सकाळी थाळीत पाण्याचं तळं झालं असेल तर त्याला चीर आहे. ते बदला, नाहीतर दुसऱ्याच दिवशी परडीचा चिखल होईल.

घटाच्या गळ्याला नाडा किंवा दोरा गुंडाळावा, चार बाजूंना हळदीकुंकवाची बोटं ओढावीत. आत स्वच्छ पाणी भरून गंध, अक्षता, फूल, दूर्वा, सुपारी, हळकुंड आणि एक नाणं घालावं. तोंडावर आंब्याचा डहाळा किंवा नागवेलीची पाच पानं, त्यावर शेंडी वर असलेला नारळ. नारळ घटाच्या तोंडापेक्षा थोडा मोठा असावा, लहान आणला तर आत घसरतो. काही घरांत नारळाऐवजी तांदळाने भरलेलं ताम्हन ठेवून त्यात देवीचा टाक मांडतात, तेही चालतं.

रोज नारळ उचलून पाणी किती आहे ते पाहत बसू नये. घट बसला की तो हलवत नाहीत. पाणी कमी झालंय असं वाटलं तर पानं किंचित बाजूला सारून पळीने घालावं. मातीवर मात्र रोज सकाळी हाताने चार थेंब शिंपडावेत. बोट टेकवून पाहा, माती बोटाला लागली पण पाणी लागलं नाही म्हणजे ओल पुरेशी.

दाण्याभोवती तिसऱ्या दिवशी पांढरं तंतुमय काही दिसलं की पुष्कळजण घाबरतात. नीट पाहा. मुळाच्या टोकाभोवती बारीक लव असेल आणि पाणी शिंपडल्यावर ती दिसेनाशी होत असेल, तर ती मुळंच आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारखं दाण्यांवरून पसरलेलं आणि कुबट वास मारणारं असेल तर बुरशी. तेवढा भाग चमच्याने अलगद काढा, एक दिवस पाणी देऊ नका आणि खोलीत हवा खेळू द्या.

देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले तुरे पिवळे येतात, उन्हाजवळचे हिरवे. प्रकाश नसला की पातीत हरितद्रव्य तयार होत नाही, एवढंच कारण. पिवळे तुरे शुभ आणि हिरवे अशुभ, किंवा उलट, असं काही नाही. तुरे विरळ आले म्हणून घरात काही वाईट होणार, असं कुणी म्हणत असेल तर त्याला पुडीतला सडलेला जव दाखवा.

दिवा

अखंड दिवा म्हणजे नंदादीप. तेल तिळाचं किंवा गाईचं तूप, वात कापसाची आणि लांब. घरात चोवीस तास कुणीतरी जागतं-वावरतं असेल तरच अखंड दिव्याचा संकल्प करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा-बायको दोघं नोकरीवर, मुलं शाळेत, दाराला कुलूप आणि आत उघडी ज्योत, वर सुकलेल्या झेंडूच्या माळा लोंबताहेत, ही भक्ती नव्हे, धोका आहे. अशा घरांनी सकाळ-संध्याकाळ दिवा लावावा आणि घरात माणूस आहे तोवर तो तेवत ठेवावा.

अखंड ठेवणारच असाल तर समई किंवा दिवा वाळू पसरलेल्या परातीत ठेवा, भोवती काचेची चिमणी बसवा, पडदा आणि गॅसची शेगडी लांब असू द्या. माळांचा दोर ज्योतीच्या सरळ वर येता कामा नये. काजळी धरली की ज्योत बारीक होते. अशा वेळी आधी त्याच ज्योतीवरून दुसरं निरांजन लावून घ्यावं, मग समईची वात पुढे सारावी, काजळी चिमट्याने काढावी. मधे विझली तरी निरांजनावरून परत लावता येते. निरांजनही नसेल आणि दिवा विझला, तर हात जोडून पुन्हा लावा. त्यात अपशकून नाही, वाऱ्याची झुळूक आहे.

प्रतिपदेची पूजा

जागा पुसून रांगोळी काढावी, पाट किंवा चौरंग मांडून लाल वस्त्र घालावं. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असेल तर बरं, नसेल तर घराचं देवघर जिथे आहे तिथे.

आचमन करून संकल्प सोडावा. संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणा : आजपासून नवमीपर्यंत आमच्या कुलदेवीची यथाशक्ती पूजा करतो, ती गोड मानून घे. मग विड्यावर सुपारी ठेवून गणपतीची पूजा. त्यानंतर परडीतल्या मातीला हळदकुंकू वाहून भूमीची पूजा करावी आणि धान्य पेरावं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीच पेरून ठेवलेली परडी ऐन वेळी समोर आणली तर पेरणीच पूजेबाहेर राहते. घरातल्या सगळ्यांना, लहानांना आधी, मूठभर धान्य पेरू द्यावं.

पेरल्यावर घट मधोमध टेकवावा, पाण्यात नद्यांचं आणि वरुणाचं आवाहन करावं, पानं आणि नारळ ठेवावा. मग देवीचं आवाहन. येत असतील तर सोळा उपचार करावेत : आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. यज्ञोपवीताच्या जागी देवीला कंचुकी म्हणजे खण देण्याची पद्धत आहे. नाहीतर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार पुरेत. स्नान म्हणून फुलाने पाणी शिंपडायचं, घटावर अभिषेक करायचा नाही.

टाक आणि इतर देव या दिवशी विड्याच्या पानांवर बसवतात आणि मग घट उठेपर्यंत त्यांना हलवत नाहीत. रोजची आंघोळही नाही, फुलानेच प्रोक्षण. तुळजापुरात तर भवानीमाता भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत पलंगावर निद्रा घेते आणि प्रतिपदेला सिंहासनावर येते. दसऱ्यानंतर ती पुन्हा पौर्णिमेपर्यंत विसावते. आपल्या घरचे देव बसणं हे त्याच लयीत चालतं.

शेवटी पहिली माळ, नैवेद्य, आरती. ‘दुर्गे दुर्घट भारी’ बहुतेकांना पाठ असते.

रोजची माळ

माळ घटावर, वरून बांधलेल्या दोरीला सोडायची. तिचं टोक घटापर्यंत पोचेल एवढी लांब. पहिली माळ पुष्कळ ठिकाणी विड्याच्या पानांची असते. पुढे झेंडू, शेवंती, जास्वंद, तिळाची किंवा कारळ्याची फुलं, परसात असेल ते. आधीच्या माळा काढत नाहीत, रोज एक वाढत जाते. सातव्या-आठव्या दिवशी जुनी माळ कुजायला लागली तर ती वर सरकवून बांधा. ओली माळ मातीत लोळली की बुरशी तिथूनच सुरू होते. माळ ओवण्याआधी फुलं झटकून पाणी निथळू द्यावं.

रोज नवा नैवेद्य हवाच असं नाही. घरात जे शिजलं त्यातलं पहिलं ताट देवीपुढे. उपवास नसणाऱ्या घरात वरण-भात आणि गूळ चालतो. उपवास करणाऱ्यांनी नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर काढू नयेत. राजगिरा, वरी, दूध, फळं, शेंगदाणे यांत बदल ठेवावा. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नऊ दिवस धरू नयेत.

कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची साडी, याचा पूजाविधीशी काही संबंध नाही. ही हौस वर्तमानपत्रांनी रुजवली आणि बायकांनी आनंदाने उचलली. जरूर नेसा, पण राखाडी साडी नाही म्हणून नवरात्र अडत नाही.

पाठ आणि महिषासुर

सप्तशतीचे तेरा अध्याय आणि तीन चरित्रं. पहिल्या अध्यायात महाकाली आणि मधु-कैटभ, दुसऱ्या ते चौथ्यात महालक्ष्मी आणि महिषासुर, पाचव्यापासून तेराव्यापर्यंत महासरस्वती आणि शुंभ-निशुंभ. रोज पूर्ण पाठ जमत नसेल तर सात दिवसांची एक जुनी वाटणी आहे : पहिल्या दिवशी एक अध्याय, मग दोन, एक, चार, दोन, एक, दोन. पाठाआधी कवच, अर्गला आणि कीलक म्हणतात. संस्कृत अडखळत असेल तर मराठी अर्थ वाचा, पण मोठ्याने वाचा, घरातल्यांना ऐकू जाईल असा.

दुसऱ्या अध्यायात देवी कशी घडते ते सावकाश वाचण्यासारखं आहे. सगळ्या देवांच्या अंगातलं तेज बाहेर पडून एकवटतं आणि त्याची एक स्त्री होते. शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, वरुण शंख, वायू धनुष्य, इंद्र वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा, हिमालय सिंह. एकट्या कुणाचंही शस्त्र पुरलं नव्हतं, ते सारं तिच्या हाती आलं. वणीच्या सप्तशृंगीचे अठरा हात पाहताना हाच प्रसंग आठवावा.

महिष लढताना सारखी रूपं बदलतो. रेडा, मग सिंह, मग तलवार घेतलेला पुरुष, मग हत्ती, पुन्हा रेडा. शेवटी देवी पायाखाली त्याला दाबते, त्याच्या तोंडातून खरा असुर अर्धा बाहेर येतो आणि त्याच क्षणी ती त्याचं डोकं उडवते. आपला राग कधी शिस्तीचं सोंग घेतो, कधी काळजीचं, कधी तत्त्वाचं. त्याला मूळ रूपात उघडं पाडल्याशिवाय मारता येत नाही, असा अर्थ मला त्यात दिसतो. संत एकनाथांनी आपल्या जोगव्यात महिषासुराला सरळ मोह म्हटलं आहे आणि भवानी त्याच्या मर्दनासाठी प्रगटली असं सांगितलं आहे. जोगवा मागणं हेही त्यातलंच. हाती परडी, गळ्यात कवड्यांची माळ आणि चारचौघांच्या दारात उभं राहून मागायचं. घरात कितीही असलं तरी मागायचं. अहंकाराला याहून सोपं औषध नाही.

पाचव्या अध्यायातल्या ‘या देवी सर्वभूतेषु’ या ओळी सगळ्यांच्या कानावरून गेलेल्या असतात. पण तिथे देवी शक्ती आणि लक्ष्मी म्हणून येते तशीच झोप, भूक, तहान, सावली आणि चक्क भ्रांती म्हणूनही येते. तिला फक्त मंगल बाजूला बसवणाऱ्यांनी ही यादी पुन्हा पाहावी.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. महाळुंग म्हणजे बियांनी भरलेलं फळ. शस्त्र आणि बी एकाच मूर्तीच्या हातात असणं आणि आपल्या घटाशेजारी खंडेनवमीला हत्यारं मांडणं, यात काही फरक नाही.

पंचमी ते नवमी

ललितापंचमीला कोल्हापुरात अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते आणि तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. घरी या दिवशी कुंकुमार्चन करतात : एकेक नाम घेत चिमूटभर कुंकू देवीच्या टाकावर वाहायचं. टाक मधे हलवायचा नसतो, म्हणून त्याच्याखाली ताम्हन प्रतिपदेलाच ठेवा, परडीतल्या मातीत कुंकू पडू देऊ नका. बाजारातल्या रंगीत कुंकवाने कोंब करपू शकतात.

मूळ नक्षत्रावर सरस्वतीचं आवाहन, पूर्वाषाढावर पूजन. मुलांची वह्या-पुस्तकं मांडायची आणि त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. मुलांना एवढा एक विधी न सांगता लक्षात राहतो.

अष्टमीला कोकणस्थांकडे महालक्ष्मी असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पूजा आणि रात्री घागरी फुंकणं. देशावर आणि मराठवाड्यात याच सुमारास कडाकण्या होतात. रवा-मैदा गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यात घट्ट भिजवून पातळ पुऱ्या लाटायच्या, मधे भोक पाडायचं आणि मंद आचेवर कडक तळायच्या. सोबत वेणी, फणी असे आकार. तळल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय दोरा ओवू नका, तुटतात. फुलोरा घटावर टांगायचा आणि दिव्यापासून लांब ठेवायचा, कारण तळणीचं तूप ठिबकतं.

कुमारिकापूजनाला मुलींना बोलावून पाय धुवावेत, कुंकू लावावं, जेवू घालावं. त्यांना आवडेल ते करा. पुरणपोळी ताटात टाकून उठणाऱ्या मुलीला आग्रह करण्यात अर्थ नाही.

ओटी खणा-नारळाने भरतात. घरातली आई किंवा आजी विधवा असेल तर तिला घटापासून, ओटीपासून, कुंकवापासून लांब बसवण्याची रीत मला पटत नाही. घर सांभाळणारी, कुलाचार आठवणीत ठेवणारी तीच असते. पहिली माळ तिच्या हातून चढू द्या.

घट उठवणं

नवमीला किंवा दसऱ्याला, जशी रीत असेल तशी, पुरणाचा नैवेद्य दाखवून उत्तरपूजा करावी. अक्षता वाहून घट जागेवरच किंचित हलवला की विसर्जन झालं. मग नारळ उतरवायचा, पाणी आंब्याच्या पानांनी घरभर शिंपडायचं आणि उरलेलं झाडाला घालायचं. नाणं तिजोरीत किंवा देव्हाऱ्यात. टाक आणि देव त्या दिवशी नीट घासून, आंघोळ घालून पुन्हा देव्हाऱ्यात बसवावेत.

तुरे मुळापासून उपटण्यापेक्षा कात्रीने कापले तर माती सांडत नाही. पहिला तुरा देवाला, मग घरातल्या वडीलधाऱ्यांना, मग सगळ्यांना. पुरुष टोपीत किंवा कानावर ठेवतात, बायका वेणीत माळतात. सीमोल्लंघनाला जाताना बरोबर न्यावेत. संध्याकाळी आपट्याबरोबर तुरेही वाटण्याची पद्धत अनेक गावांत आहे.

आपट्याच्या नावाखाली बाजारात कांचनाच्या फांद्या सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. फांदी तोडून आणण्यापेक्षा दोन पानं आणा, आणि तीही नाही मिळाली तर तुरे आहेतच.

उरलेली माती आणि मुळं कुंडीत किंवा शेतात घालावीत. परडी धुऊन, वाळवून ठेवली तर पुढच्या वर्षी कामी येते. सुगडही फेकू नका, तुळशीपाशी पाखरांना पाण्यासाठी ठेवता येतं. माळांची फुलं नदीत नकोत. दोरे काढून टाका, फुलं खतात मुरतात, दोरे मुरत नाहीत.

राहिला कलशाचा नारळ. तो फोडून प्रसाद करायचा. नऊ दिवस पाण्यावर बसल्याने कधी त्याला कोंब फुटतो. फुटला तर फोडू नका, जागा असेल तिथे लावा. मधेच तडकला तर उन्हाने किंवा दिव्याच्या धगीने तडकतो, तेव्हा हात जोडून दुसरा ठेवावा. फोडल्यावर नासका निघाला तर झाडाच्या बुंध्यात टाका आणि प्रसादाला दुसरा आणा.